लुगडें, सदरा आणि कापडाचे गुण

धुळ्याहून जळगांवकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पारोळा हें गांव लागतें. हरि सदाशिव दामोदर ह्या जहागीरदारानें १७२७ च्या सुमारास बांधलेला तेथील भुईकोट किल्ला झांशीच्या नेवाळकर घराण्याच्या संबंधामुळें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. वस्त्रांच्या अभ्यासकास मात्र ह्या गांवाचें कौतुक निराळ्याच कारणानें वाटतें. जुन्या सरकारी गॅझेटियरांत पारोळ्याच्या व्यापाराचे जिन्नस एकाच ओळींत दिले आहेत : गुरें, कापूस, लुगडीं आणि धान्य. मधले दोन शब्द शेजारीं शेजारीं पडले हा गॅझेटियरकाराच्या लेखणीचा योगायोग असेल. परंतु कापूस आणि लुगडें ह्यांच्यामध्यें काय काय घडतें, आणि लुगड्याच्या जागीं शिवलेला कपडा आला म्हणजे कापडाकडून आणखी कोणत्या गुणांची अपेक्षा केली जाते, हें शहरांतील पुष्कळ कुटुंबांस नीटसें ठाऊक नसतें. ठाऊक नसल्याचा भुर्दंड मात्र तीं कुटुंबें दर सणाला भरीत असतात.

दिवाळीला मुलासाठीं सदरा शिवून आणावा. तो पहिल्या दिवशीं अंगाला बेताचा बसावा. दोन धुण्यांनंतर त्याची गळपट्टी गळ्याला कांचावी आणि बाह्या मनगटाच्या वर चढाव्यात, हा अनुभव बहुतेक घरीं येऊन गेलेला असतो. अशा वेळीं बोल लागतो तो शिंप्याला. त्यानें कापड चोरलें, माप चुकविलें, असा निवाडा घरांतल्या घरांत होऊन जातो. कधीं कधीं तो खराहि असेल. परंतु पुष्कळदां शिंप्यानें माप बरोबर घेतलेलें असतें, कातर बरोबर चालविलेली असते, आणि सदरा बिघडण्याचें बीज तो दुकानांत येण्यापूर्वींच, गिरणींत अथवा मागावर, पेरलेलें असतें. तें कसें पेरलें जातें हें पाहण्यासाठीं थेट कपाशीच्या बोंडापर्यंत मागें जावें लागतें.

कापसाचा प्रत्येक तंतु म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एक लांबच लांब पेशी होय. बोंड मिटलेलें असतांना ती रसानें भरलेल्या नळीसारखी असते. बोंड फुटून वारा लागला कीं ती सुकते, चेपते, फितीसारखी होते आणि स्वतःच्या अंगाभोंवतीं पीळ घेते. कांहीं अंतर उजवीकडे, कांहीं अंतर डावीकडे. ह्या नैसर्गिक पिळामुळें एक तंतु दुसऱ्याला बिलगून राहतो, आणि म्हणूनच कापसाचें सूत निघतें. सांवरीचा कापूस दिसावयास अधिक तकतकीत आणि हाताला अधिक मऊ असतो. परंतु त्याचा तंतु गुळगुळीत व बिनपिळाचा असल्यामुळें तो उशींत भरण्यापलीकडे फारसा उपयोगी पडत नाहीं. डोळ्यांना आवडणारा गुण आणि वस्त्राला लागणारा गुण एकच असतात असें नाहीं, ह्याचें हें पहिलें उदाहरण.

दुसरें उदाहरण खानदेशच्या शेतांतील आहे, आणि त्यांत शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं खानदेशांत ‘रोझियम’ ह्या नांवाच्या देशी कापसाचा फार प्रसार झाला. त्याचा धागा आंखूड, पाऊण इंचाच्याहि आंतला, आणि स्पर्शाला राठ. गिरणीवाल्यांना तो नको असे, कारण आंखूड तंतूंचें बारीक सूत निघत नाहीं. शेतकऱ्याला मात्र तो हवा असे. कारण ह्या जातीच्या शंभर शेर कपाशींतून अडतीस ते चाळीस शेर रुई पडे, आणि लांब धाग्याच्या पुष्कळ जाती ह्या बाबतींत बऱ्याच मागें असत. बाजारांत धाग्याच्या लांबीचा जो जादा भाव मिळे त्यानें ही तूट भरून निघत नसेल, तर शेतकऱ्यानें लांब धागा कां पिकवावा ? सरकारी अधिकाऱ्यांनीं त्यास अडाणी म्हटलें. हिशेब मात्र त्याचाच बरोबर होता. रुईहि भरपूर पडेल, धागाहि लांब निघेल आणि मर रोगालाहि दाद देणार नाहीं, असा ‘जरीला’ वाण १९३० नंतरच्या दशकांत पुढें आला, तेव्हां त्याच अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यानें तो उचलून धरला. त्याच्या मागून ‘विरनार’ आला.

ह्या कामीं मुंबईंतील माटुंग्याच्या एका संस्थेचा मोठा हातभार लागला. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनें १९२४ सालीं तेथें एक प्रयोगशाळा उघडली. नव्या वाणाची चार मुठी रुई हातीं आली तरी तिचें प्रत्यक्ष सूत कांतून पाहावें आणि तें किती बारीक व किती बळकट निघतें तें वाण काढणाऱ्यास कळवावें, असा तिचा क्रम होता. बोटांनीं रुई ओढून भाव ठरविणाऱ्या दलालाच्या अंदाजास मापाची जोड मिळाली ती अशी. ही प्रयोगशाळा आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ह्या नांवानें चालू आहे.

आतां सुताकडे वळावें. कापडाच्या दुकानांत ‘वीस नंबरी’, ‘चाळीस नंबरी’ असे शब्द कानांवर पडतात. एका पौंड सुतांत ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर, अशी ही गणना आहे. वीस नंबरी सुताच्या एका पौंडांत १६,८०० वार, म्हणजे साडेनऊ मैल धागा भरतो. नंबर वाढला कीं सूत बारीक होतें. आतां एक नऊवारी लुगडें घ्यावें. पन्हा सव्वा वार, आणि इंचास पन्नास धागे उभे व पन्नास आडवे. ह्या एका लुगड्यांत सुमारें ४०,५०० वार सूत जातें. म्हणजे तेवीस मैल. पारोळ्याहून धुळ्यास पोंचावयास जवळजवळ एवढाच रस्ता तुडवावा लागतो. वीस नंबरी सुताचें विणलें तर त्या लुगड्याचें वजन अडीच पौंडांच्या आंत भरेल. दहा नंबरी घेतलें तर तें बरोबर दुप्पट होईल. बारीक सुताच्या वस्त्राला श्रीमंती कां चिकटली हें ह्या वजनावरून समजतें. मात्र शेतांत दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला जाड सुताचें लुगडें अधिक वर्षें पुरतें, हीहि गोष्ट तितकीच खरी आहे.

सुताला दिलेला पीळ हा कापडाचा आत्माच म्हटला पाहिजे. पीळ कमी असेल तर तंतु एकमेकांवरून सरकतात आणि सूत तुटतें; पीळ वाढवीत गेलें तर एका मर्यादेपर्यंत बळ वाढतें, आणि ती मर्यादा ओलांडली कीं पुन्हां घटूं लागतें. उभ्या धाग्याला, म्हणजे ताण्याला, मागावरील ओढ सोसावी लागते, म्हणून त्याला पीळ अधिक देतात. बाण्याला बेतानें देतात. घट्ट पिळाचें कापड हाताला कडक लागतें पण अंगाला थंड वाटतें, कारण त्यावर मोकळे उभे राहणारे तंतु थोडे असतात आणि तें अंगाला सर्व बाजूंनीं चिकटत नाहीं. सैल पिळाचें कापड मऊ आणि उबदार. फलाटीनचा मऊपणा असाच सैल सूत घासून आणलेला असतो. उन्हाळ्यांत तें नकोसें होतें आणि पौषांत हवेंसें वाटतें.

ताणा मागावर चढविण्यापूर्वीं त्याला खळ पाजावी लागते. ह्या पाजणीशिवाय धागा फणींतून जातां येतां झिजून तुटेल. खळ हा वास्तविक विणकराचा सोबती. विणून झालें कीं त्यानें निरोप घ्यावा. पण वजनावर आणि दाटपणावर कापड विकलें जाऊं लागलें, आणि खळ हें लबाडीचें साधन झालें. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापूस महागला, खानदेशच्या शेतकऱ्याला कांहीं काळ सोन्याचे दिवस आले, आणि तिकडे लँकेशायरमधील कित्येक गिरण्यांनीं आपल्या कापडांत पिठाबरोबर चिनी माती भरावयास आरंभ केला. हिंदुस्थानांत येणारीं धोतरें व कोरीं कापडें दुकानांत भरगच्च दिसत आणि पहिल्या धुण्यांत त्यांचा जीव निघून जाई. पुढें जळगांवांत १८७४ च्या सुमारास खानदेश मिल निघाली आणि पुढील शतकाच्या आरंभीं अंमळनेरास प्रताप मिल उभी राहिली, तेव्हां खानदेशचा कापूस खानदेशांतच विणला जाऊं लागला. खानदेश मिल बंद पडूनहि आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. परंतु भरमसाट खळ देण्याची युक्ति अद्याप कोणत्याहि मुलखांतून हद्दपार झालेली नाहीं.

येथपर्यंत लुगड्याची आणि सदऱ्याची वाट एकच होती. येथून ती फुटते. लुगडें मागावरून उतरलें कीं तें पुरें झालेलें वस्त्र असतें. त्याला कातर लागत नाहीं, सुई लागत नाहीं. तें धुण्यांत दोन बोटें आटलें तरी नेसणारीच्या निऱ्या थोड्या कमी होतात, एवढेंच. सडपातळ आणि स्थूल, कुमारी आणि प्रौढा, सर्वांना तें एकाच मापाचें पुरतें. तें विटल्यावर त्याचीं दुपटीं होतात, आणि दुपटीं विरल्यावर गोधडी. शिवलेल्या वस्त्राला अशी सवलत नसते. तें अंगाच्या मापानें कापलेलें असतें आणि अर्ध्या इंचाची चूकहि त्याला सोसत नाहीं.

कापडाला तीन दिशा असतात हें शिंप्याला पक्कें ठाऊक असतें. ताण्याच्या दिशेनें तें जवळजवळ ताणलें जात नाहीं. बाण्याच्या दिशेनें थोडेसें ताणलें जातें. आणि तिरप्या दिशेनें, जिला शिंपी उरेब म्हणतात, पुष्कळच. उरेब ओढलें असतां धागे लांबत नाहींत, ताणा आणि बाणा ह्यांमधील चौकोन कलंडून लांबट होतात, म्हणून कापड वाढल्यासारखें दिसतें. जुन्या शिंप्यांनीं ह्या गुणाचा फार सुंदर उपयोग केला होता. बाराबंदीच्या अथवा अंगरख्याच्या कांखेंत जो चौकोनी चौबगला बसवीत, तो कोंपऱ्यावर उभा बसविल्यामुळें उरेब पडे, आणि हात उचलतांना शिवणीवर ताण येत नसे. पदार्थविज्ञानाचें एकहि पुस्तक न उघडतां साधलेली ही युक्ति आहे. उलट कापड वांचविण्यासाठीं सदऱ्याचा पाठीचा तुकडा थोडासा तिरपा कापला, तर तो शिवतांना सरळ दिसतो आणि धुतल्यावर एका बाजूस लोंबतो. येथें मात्र शिंपी खरोखरच दोषी.

आतां आटण्याविषयीं. पुष्कळांचा समज असा कीं पाण्यानें तंतूच आंखूड होतो. तसें नाहीं. कापसाचा तंतु पाण्यांत फुगतो. त्याची जाडी वाढते, लांबी जवळजवळ तेवढीच राहते. सूत जाड झालें कीं त्याच्यावरून खालीं-वर जाणाऱ्या दुसऱ्या सुताला अधिक वळसा घ्यावा लागतो, आणि वळसा अधिक घेतला कीं अंतर कमी कापलें जातें. डोंगर वाढला तर घाटाची वाट लांबते, तसेंच हें. त्यांत भर म्हणजे विणतांना, धुतांना, रंगवितांना आणि इस्तरी करतांना गिरणींत कापड सदैव लांबीच्या दिशेनें ओढलेलें असतें. घरच्या बादलींत त्याला पहिल्यांदाच मोकळें सोडलें जातें, आणि तें आपल्या स्वाभाविक लांबीवर परत येतें. शेंकडा पांच आटणारें कापड असेल तर तीस इंची सदऱ्याची उंची दीड इंचानें जाते आणि पंधरा इंची गळपट्टी पाऊण इंचानें आंवळते.

ह्यावर अमेरिकेंतील सॅन्फर्ड क्लुएट ह्यानें १९३० च्या सुमारास तोड काढली. जाड व लवचीक पट्टा वळणावर बाहेरून ताणला जातो आणि सरळ होतांना आंखडतो. ओलसर कापड त्या पट्ट्याला चिकटवून वळणावरून नेलें तर पट्ट्याबरोबर तेंहि आंखडतें. घरीं जें आटणें व्हावयाचें तें अशा रीतीनें गिरणींतच उरकून घेतात. कापडाच्या कांठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा जो शिक्का पुष्कळांनीं पाहिला असेल, तो ह्या गृहस्थाच्या नांवावरून पडलेला आहे. मर्सराइज्ड हा शब्द त्याच्याहून जुना. जॉन मर्सर ह्या इंग्रज रंगाऱ्यास १८४४ सालीं असें आढळलें कीं, तीव्र कॉस्टिक सोड्यांतून काढलेलें सुती कापड दाट व बळकट होतें आणि रंगहि अधिक धरतें. परंतु तें आटेहि फार, म्हणून कोणी त्याकडे लक्ष दिलें नाहीं. १८९० मध्यें होरेस लो ह्यानें तेंच काम कापड ताणून धरून केलें, आणि त्याला रेशमासारखी झळक आली. चपटी फीत फुगून गोल झाली, म्हणजे तिच्यावरून प्रकाश नीट परतूं लागतो, एवढेंच त्यांतील रहस्य.

शिवण्याच्या यंत्रानें ह्या सर्व गुणांची कसोटी अधिक कडक केली. एलिआस हौ ह्यानें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर ह्यानें १८५१ सालीं यंत्रांचीं पेटंटें घेतलीं. ह्या यंत्रांत वरचा धागा आणि खालचा धागा कापडाच्या जाडीच्या मध्यावर एकमेकांत गुंततात. दोहोंचा ताण सारखा नसेल तर शिवण सुरकुततेच. पण ताण सारखा असून धागा आटणारा आणि कापड न आटणारें असलें, तरीहि ती पहिल्या धुण्यांत चुणते. तयार कपड्यांच्या कारखान्यांत तर कापडाचे शंभर शंभर थर एकावर एक पसरून यंत्राच्या पात्यानें एकदम कापतात. गांवच्या शिंप्यानें एक तुकडा वांकडा कापला तर एक सदरा बिघडतो; येथें कापड ताणून पसरलें गेलें तर शंभर सदरे एकदम तोकडे होतात. म्हणून चांगल्या कारखान्यांत ठाण उलगडून तें कांहीं काळ मोकळें पडूं देतात. विणलेल्या नव्हे तर गुंफलेल्या, म्हणजे बनियनसारख्या कापडाला ही विश्रांति अधिक लागते. त्याचे फांसे एका रात्रींत बरेच आंखडतात.

कापूस नसलेलीं कापडें ह्या हिशेबांत फार आज्ञाधारक ठरतात. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्यांनीं लावला, आणि १९६० नंतर टेरिलीन व टेरिकॉट ह्या नांवांनीं तें आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत शिरलें. तें आटत नाहीं, चुरगळत नाहीं, इस्तरी मागत नाहीं, आणि लवकर फाटतहि नाहीं. गृहिणीला ह्याहून अधिक काय हवें ? परंतु पारोळ्याकडील वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकूं लागला म्हणजे दुसरा गुण आठवतो. साधारण दमट हवेंत शंभर तोळे कोरडा कापूस साडेआठ तोळे पाणी आपल्यांत सामावून घेतो; पॉलिएस्टर अर्धा तोळाहि घेत नाहीं. अंगावरचा घाम कापूस शोषतो, पसरवितो, आणि वाऱ्याला देतो. घाम उडतांना अंगाची उष्णता घेऊन जातो. निव्वळ पॉलिएस्टरच्या दाट विणीखालीं तो तेथेंच साचतो. शिवाय कापूस भिजल्यावर अधिक बळकट होतो, म्हणून दगडावरचें आपटणें त्यानें पिढ्यान् पिढ्या सोसलें. व्हिस्कोस रेयॉन, जें दिसण्यांत रेशमाची बरोबरी करतें, तें भिजलें कीं निम्म्याच्या आसपास दुबळें होतें. तें आपटूं नये, पिळूं नये.

ह्या बदलांत देशी कापूस मागें पडला. १९४७ सालीं देशांतील बहुतेक कापूस देशी जातींचा होता. १९७० सालीं सुरतेस निघालेल्या संकरित चार ह्या वाणानंतर आणि २००२ पासून आलेल्या बीटी वाणांनंतर खानदेशांतहि अमेरिकन जातीच्या अठ्ठावीस-तीस मिलिमीटर धाग्याचें राज्य झालें. आंखूड, राठ म्हणून हिणविलेला देशी तंतु पाणी मात्र झपाट्यानें शोषतो, आणि म्हणून जखमेवर ठेवावयाच्या कापसासाठीं त्याला मागणी आहे. राहुरीच्या कृषि विद्यापीठानें ह्याच कामासाठीं काढलेल्या देशी वाणाला ‘फुले धन्वंतरी’ असें नांव आहे. कोरडवाहू जमिनींत आणि रसशोषक किडींपुढें देशी कपाशी अधिक टिकाव धरते. तिला तिच्या ह्या गुणांचा भाव मिळाला पाहिजे. धाग्याच्या लांबीची एकच पट्टी सर्वांना लावणें हें व्यापाऱ्याच्या सोयीचें असलें तरी न्यायाचें नाहीं.

दुकानांत उभें राहून गृहिणीला काय तपासतां येईल ? कोऱ्या कापडाचा एक कोंपरा दोन्ही हातांनीं चोळावा. पांढरी भुकटी पडली आणि चोळलेली जागा झिरझिरीत झाली तर वजन खळीचें आहे असें समजावें. कापड उजेडासमोर धरून धाग्यांमधील फटी सारख्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. कडेचे चार धागे काढून घरीं काडीला लावावे : कापूस कागदासारखा जळतो, कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी होतो, लोंकर आणि खरें रेशीम ह्यांना जळलेल्या केसांचा वास येतो. मिश्र सुतांत राख आणि मणी दोन्ही सांपडतात, आणि दुकानदाराचें ‘प्युअर कॉटन’ तेथेंच उघडें पडतें.

आटण्याची परीक्षा दुकानांत होत नाहीं. ती घरींच करावी लागते. कापड शिंप्याकडे नेण्यापूर्वीं लांबी-रुंदीचीं मापें लिहून ठेवावीं, तें रात्रभर साध्या पाण्यांत बुडवून ठेवावें, न पिळतां सावलींत वाळवावें, हलकी इस्तरी करून पुन्हां मोजावें. अस्तराचें कापड आणि गळपट्टींत घालावयाचा कॅनव्हास हीहि त्याच बादलींत घालावीं, कारण बाहेरचें कापड न आटतां आंतलेंच आटलें तर गळपट्टीला फोड येतात. दोन्ही मापांची चिठ्ठी कापडाबरोबर शिंप्याच्या हातीं द्यावी.